खणखणीत छत, बद्द बरणी

दि. ४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळी खुशाली आहे, निदान मी तरी खुशाल आहे.

पत्रास कारण तुझी लाडकी भाची. खाणीतल्या सुरक्षिततेचा तो कोर्स करून आली आणि आल्या दिवसापासून मला शहाणं करायला लागली आहे. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात खडू आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. भुयारात ठिकठिकाणी लाकडी टेकू हवेत म्हणे. छतात लोखंडी बोल्ट ठोकायला हवेत. मध्ये सोडलेले दगडी खांब खड्यांच्या हावेपायी कोरायचे नाहीत. आणि सकाळी छत वाजवताना एकाने नाही, दोघांनी ऐकायचं. अगं, आमची खाण ती केवढी! मूठभर माणसं गुडघ्यांवर रांगत निळे खडे काढतात. हिने जणू धरण बांधायला घेतलं आहे.

आपली रीत तुला माहीतच आहे. सकाळी बाकीचे खाणीच्या तोंडाशी थांबतात, म्होरक्या एकटा पहार घेऊन आत शिरतो आणि छत ठोकत ठोकत शेवटपर्यंत जातो. दगड खणखणीत वाजला तर धरून आहे. बद्द वाजला तर सुटलेला आहे, मग तो आधी पाडून टाकायचा. म्होरक्याने बाहेर येऊन 'चला' म्हटल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. पहार तीच, बाबांची. बाबांच्या वेळी सारखा कुठे ना कुठे दगड पाडावा लागायचा, आठवतं? माझ्या हाताखाली गेल्या वर्षभरात एकही बद्द जागा निघालेली नाही. सगळं छत खणखणीत. म्हणजे खाण सुधारली, आणि तीही कोर्स न करता.

पोरगी तुझं ऐकते. आत्या या नात्याने तिला दोन शब्द सांग. बापाच्या कानावर तिचा विश्वास नसेल तर निदान तुझ्या दुकानातली गोष्ट सांग. मी आलो होतो तेव्हा तुझ्या त्या चष्मेवाल्या गिऱ्हाईक बाईंना बरणी कशी टिचकी मारून निवडून दिली होती! बाई खूश होऊन गेल्या होत्या.

आणि फोन करू नकोस. भुयारात रेंज नसते, घरी आलो की मी दमलेला असतो. पत्रात माणूस नीट बोलतो.

लोभ आहेच, तो भाचीपेक्षा भावावर थोडा जास्त असावा.
तुझा दादा


दि. १५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तुझी खुशाली वाचून बरं वाटलं, बाकीच्यांची तू लिहिलीच नाहीस.

भाचीला दोन शब्द सांग म्हणालास, सांगितले. शाब्बास आणि सोडू नकोस. म्हणजे तीन झाले.

आता तुझ्या त्या बरणीची गोष्ट. चष्मेवाल्या बाई परत आल्या होत्या. खूश नव्हत्या. तू टिचकी मारून, मान डोलवून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात खणखणीत म्हणून दिलेल्या बरणीत त्यांनी पाणी भरून ठेवलं, तर फळीवरून ओघळ खालच्या पिठाच्या डब्यात. मी बरणी हातात घेऊन वाजवली. दादा, इतकी बद्द बरणी माझ्या दुकानात आजवर आली नव्हती. ती मी मोडीतल्या मालात बाजूला ठेवली होती, तिथून तू उचलून आणलीस. मी त्या दिवशी हिशेबात होते, म्हणून माझं लक्ष गेलं नाही. बाईंना बदलून दिली, वर एक झाकण फुकट दिलं आणि भावाच्या वतीने माफी मागितली. माझे भाऊ खाणीतले तज्ज्ञ आहेत, असं मी त्यांना सांगितलं नाही. बाईंना त्या खाणीची काळजी वाटली असती.

मला मात्र वाटते आहे. गेल्या महिन्यात फोनवर मी तुला सांगितलं की जिन्यात पाय मुरगळला, तर तू म्हणालास, छान, छान, असंच चालू दे. तेव्हा हसले होते. दुकानात तू दाराकडे पाठ करून उभा होतास, मागे माझ्या कामाच्या मुलाने काचेचा ट्रे पाडला, सगळं दुकान दचकलं आणि तू बरण्यांचे भाव विचारत राहिलास. तेव्हा मला वाटलं, काय हा शांत माणूस. आता सगळं एका ओळीत ठेवून बघते आहे. वर्षभर एकही बद्द जागा नाही, हे तू मोठ्या अभिमानाने लिहिलं आहेस. डोंगर तोच, दगड तोच, तुम्ही त्याच्या पोटात रोज आणखी शिरता आहात. मग सुधारलं ते काय? की वर्षभर तुला ऐकूच आलं नाही?

सरळ विचारते. तुझे कान गेलेत का? इतकी वर्षं त्या ड्रिल मशीनला कान लावून बसलास, गेले असले तर त्यात लाज कसली. पण तुझ्या 'चला'वर माझी भाची त्या छताखाली जाऊन बसते. माझी झोप उडाली आहे आणि तू मला बरण्या सांगतोस.

लोभ राहू दे बाजूला, आधी उत्तर असावं.
तुझी धाकटी


दि. २४ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद, यावेळी मोजून एकच.

तुझ्या गिऱ्हाईक बाईंनी बरणी घरी जाताना आपटली असणार. चष्मा लावूनही ज्यांना फळी नीट दिसत नाही त्यांच्या साक्षीवर तू सख्ख्या भावाला बहिरा ठरवलंस. काचेचा ट्रे मी ऐकला होता. पण दुसऱ्याच्या दुकानात काही फुटलं तर वळून बघू नये, एवढे संस्कार माझ्यावर आहेत.

माझे कान ठणठणीत आहेत. उलट खाणीत आता इतकी शिस्त आली आहे की काम चालू असताना कोणी चकार शब्द काढत नाही. पूर्वी नुसता गोंगाट असायचा. माझा भागीदारही हल्ली काही सांगायचं असलं की मागून हाका मारत नाही, समोर येऊन उभा राहतो आणि हातवारे करून बोलतो. वयाबरोबर माणसं आदर करायला लागतात, तुलाही हळूहळू कळेल.

तुझ्या भाचीने मात्र कहर केला आहे. माझ्या नकळत लाकडं आणून भुयारात टेकू लावले. आता आत जायचं म्हणजे जंगलातून वाट काढायची. परवा मी एका टेकूला डोकं आपटून घेतलं. खाणीत मला झालेली वर्षभरातली ही एकमेव इजा, आणि ती सुरक्षिततेने केली. मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं तर ती हसली नाही, बाकीचे हसले.

हो, गेल्या आठवड्यात हातगाडीच्या वाटेवर छताचा एक कपचा पडला, तो तुझी वहिनी तिखटमीठ लावून कळवेलच, म्हणून आधीच लिहून टाकतो. ताटाएवढा असेल. त्याच जागेला मी सकाळी पास म्हटलं होतं हे खरं. पण डोंगर आहे, माझ्या डोक्यासारखाच तोही अधूनमधून झडणार. गाडीवाला पलीकडे होता. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

तेव्हा विषय संपला. पुढच्या पत्रात दुकानाचं लिही, पायाचं लिही, कानाचं लिहू नकोस.

लोभ असू दे, संशय नको.
तुझा दादा


दि. २६ जानेवारी

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि. तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. लपवायची तशी गरज नाही म्हणा, मी त्यांच्यामागे बसून मोठ्याने वाचून दाखवलं तरी त्यांना पत्ता लागणार नाही.

यांच्या खिशातलं तुमचं पत्र मी वाचलं. तुम्ही विचारलंत ते खरं आहे. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या हल्ली शेजारी त्यांच्या घरात बसून ऐकतात, त्यांनी स्वतःचा टीव्ही विकायला काढला आहे. यांच्या खिशात फोन वाजतो तेव्हा सगळी खोली यांच्याकडे बघते आणि हे सगळ्या खोलीकडे बघतात. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, बघू. भाजी काय करू, बघू. घराला आग लागली आहे, बघू. मी दोनदा कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाले, यंत्र म्हाताऱ्यांना लावतात. आरशात कोण दिसतं यांना, देव जाणे.

घरात मी हसून नेते हो. पण तो कपचा पडला तिथून गाडीवाला नुकताच पुढे गेला होता. ताटाएवढा म्हणून यांनी लिहिलं असेल. आमच्या लेकीने आणि भागीदारांनी दोघांनी मिळून तो बाजूला सारला, असलं ताट मी कधी वाढलेलं नाही. त्या दिवशी लेक घरी आली आणि जेवली नाही. तिला सगळं कळतं. हे ठोकत पुढे जातात, तेव्हा तोंडाशी उभं राहूनही तिला एकदोन ठिकाणी बद्द ऐकू येतं, आणि हे बाहेर येऊन हसत 'चला' म्हणतात. भागीदारांनाही ऐकू येतं, पण त्यांचे डोळे जमिनीकडे. यांनी त्या सगळ्यांना हाताला धरून काम शिकवलं आहे ना. जिवंत म्होरक्याच्या हातातून पहार घ्यायची नाही, अशी तुमच्याकडची रीत. त्याने आपण होऊन द्यायची.

लेक म्हणते, चारचौघांत बापाला बहिरा म्हणू कशी. म्हणून तिला जिथे बद्द ऐकू येतं तिथे ती गुपचूप टेकू लावून येते. यांना वाटतं, ती भुयार नटवून सजवते आहे. पण टेकू म्हणजे तात्पुरता आधार, ती स्वतःच सांगते. सुटलेला दगड पाडायलाच हवा, आणि म्होरक्याने बद्द म्हटल्याशिवाय कोणी पाडायला हात लावत नाही. एकाच छताखाली माझी दोन माणसं आहेत, वन्सं. मला भीती वाटते, आणि ती कोणापुढे बोलायची सोय नाही.

मी बोलले तर ते वैतागतात, लेक बोलली तर दुखावतात. तुमच्याशी मात्र ते लहानपणापासून पैज लावत आले आहेत. काहीतरी करा.

लोभाबरोबर थोडी युक्तीही पाठवा.
तुमची वहिनी


दि. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. चुकलं माझं. तुझ्यासारख्या जाणत्या माणसावर संशय घ्यायला नको होता. तुझ्या कानांची जाहीर माफी मागायची म्हणून सोबत पार्सल पाठवते आहे.

उघडताना जपून. भुशात गुंडाळलेल्या दोन बरण्या आहेत, एकाच भट्टीतल्या, दिसायला जुळ्या. त्यातली एक धडधाकट आहे आणि एकीला झिलईखाली केसाएवढी चीर आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, मी भिंग लावून शोधली. वाजवल्यावर मात्र पोरसुद्धा सांगेल. तुला तर टिचकीचीही गरज पडणार नाही, बरण्या तुला बघूनच खरं बोलतील.

धडधाकट ती वहिनीला ठेव, फुटकी मला परत पाठव. बरोबर ओळखलीस तर मी जन्मात तुझ्या कानांचं नाव काढणार नाही आणि भाचीला पत्र लिहून तुझ्या पाया पडायला लावेन. चुकलास तर पहार तिच्या हातात द्यायची, सकाळी सगळ्यांसमोर आणि हसतमुखाने. आहे कबूल? नसेल तर तसं लिही. तू पैजेतून मागे सरलास ही गोष्ट मी फक्त आपल्या सगळ्या नातेवाइकांना सांगेन.

लोभ आहे तसाच राहील, निकाल काहीही लागो.
तुझी धाकटी


दि. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आज मोजत नाही.

पैज कबूल होती आणि पैज मी जिंकलो. तुझी फुटकी बरणी परत पाठवली आहे. मिळाली की स्वतः वाजवून बघ आणि मग भिंतीकडे तोंड करून जरा वेळ बस. एक टिचकी इकडे, एक टिचकी तिकडे, काम तमाम. तुझी वहिनी आणि लेक बाजारात गेल्या होत्या म्हणून त्यांना हा सोहळा बघता आला नाही. आल्यावर मी दोघींना धडधाकट बरणी दाखवली. वहिनीने त्यात मीठ भरलं. लेकीने बरणी वाजवली, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि बरोबर आहे म्हणाली. एवढंच. बापाचं कौतुक करायला हल्लीच्या मुलांना शब्द सापडत नाहीत.

खाणीतही सगळ्यांना सांगितलं. भागीदाराने पाठ थोपटली. आता ते टेकू काढायचे म्हणतो आहे, वाटेत येतात. पुढच्या सोमवारपासून शेवटच्या टोकाचा दगडी खांबही थोडा कोरून बघू, त्यात चांगले खडे दिसत आहेत. तुझ्या भाचीला आता बोलायला तोंड नाही.

ठरल्याप्रमाणे तिला पत्र लिही. पाया पडताना वाकून पडायचं, हेही लिही.

लोभ वाढवायला आता हरकत नसावी.
तुझा विजयी दादा


दि. २२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बरणी पोहोचली. तू परत पाठवलीस ती फुटकीच आहे, तुझं उत्तर बरोबर आहे.

भुसा ओला होता. बरणीच्या आत मी कागदाचे बोळे भरून पाठवले होते. ते तू काढलेस आणि परत भरलेस, ते तळाला चिकटून बसले आहेत. गळ्यापाशी तुमच्याकडच्या जड पाण्याची पांढरी रेघ उमटली आहे. चीर पाणी पिऊन काळी पडली आहे, आता ती भिंगाशिवाय दिसते. दादा, तू दोन्ही बरण्यांत पाणी भरून ठेवलंस आणि कुठली गळते ते बघत बसलास. बाजारात त्या दोघींना तूच पाठवलं असणार.

मी खूप हसले. मग रडले, तेही लिहिते, कारण तुला ते फोनवर कळलं नसतं. ज्याला आपल्या कानांची खात्री असते तो बरणी घेऊन नळाखाली जात नाही. म्हणजे तुला माहीत आहे. मला वाटत होतं, तुला बिचाऱ्याला कळत नाहीये. तुला सगळं कळतं. तरी तू रोज सकाळी त्या भुयारात एकटा जातोस, ठोकायचं नाटक करून परत येतोस आणि आपल्या पोरीला 'चला' म्हणतोस. चार माणसांत कमीपणा यायला नको म्हणून.

आता टेकू काढणार आहेस. वर खांब कोरणार आहेस. युक्ती छान होती, मला सुचली नसती. पण छतात पाणी भरून बघायची सोय नाही, दादा.

भाचीला पत्र लिहिलेलं नाही. वहिनीला पण काही कळवलं नाही. हे पत्र तुझं तूच वाच आणि सोमवारच्या आत काय ते ठरव. तू हरलास असं मी कोणाला सांगणार नाही. पण त्या पोरीला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही, आणि तू समोर येऊन कितीही हातवारे केलेस तरी नाही.

लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं.
तुझी धाकटी


दि. १ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, पण मोठा आहे म्हणून देतो.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते खिशात घालून रविवारभर फिरलो. तुझी वहिनी दोनदा म्हणाली, काय झालं. तोंड वाचून कळतं मला ते, ती एवढंच तर विचारते हल्ली. बघू म्हणालो.

सोमवारी सकाळी खाणीच्या तोंडाशी सगळे उभे होते. मी पहार पोरीच्या हातात दिली. हसतमुखाने द्यायची ठरली होती, ते काही जमलं नाही. भागीदाराला म्हणालो, मला ऐकू येत नाही. त्याने मान हलवली, जणू मी त्याला पाऊस पडतो असं सांगितलं. म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे, ही बातमी खाणीत सगळ्यात शेवटी मला कळली.

पोरगी पहार घेऊन एकटी गेली नाही, तिने मलाही बरोबर घेतलं. एकाने ठोकायचं, दुसऱ्याने ऐकायचं, तिचा तो कोर्स. मी ठोकायचं, तिने ऐकायचं आणि बद्द असेल तिथे खडूने फुली मारायची. मी दिलेली पहार तिने मला परत दिली, पण कान स्वतःचे ठेवले. धाकटे, इतक्या फुल्या मारल्या तिने! मी वर बघत, फुल्या मोजत चाललो होतो.

रोज दुपारी मी आणि ती डबा खायला बसतो ना, ती सपाट जागा, त्याच्या बरोबर वर सगळ्यात मोठी फुली निघाली. तिथे मी एकही टेकू लावू दिला नव्हता, पाय पसरायला अडचण होते म्हणून. तिने सगळ्यांना मागे घेतलं, बाजूला आधार लावले आणि लांब पहारीने एकदाच उचकटलं. जोर करावाच लागला नाही. आपल्या बाबांच्या खाटेएवढा दगड होता. आम्ही बसतो तिथेच आला, डब्याच्या जागेसकट.

मला तो पडलेला ऐकू आला नाही. धूळ दिसली, आणि शेजारचे सगळे दचकले ते दिसलं. मी एकटा शांत उभा होतो. तू दुकानात बघितलास तसा.

त्या दिवशी 'चला' तीच म्हणाली, सगळ्या फुल्या पाडून झाल्यावर. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो म्हणून मला कळलं. टेकू आहेत तिथेच आहेत, खांबाला कोणी हात लावलेला नाही. बोल्टांची चौकशी भागीदार करतो आहे, त्यालाही आता कंठ फुटला आहे.

मी कानाच्या डॉक्टरांकडे बुधवारी जातो. यंत्र लावल्यावर पहिला फोन तुला करीन. वहिनी म्हणते, आधी तिचं ऐकायचं, तिचं वर्षभराचं साठलं आहे. ती फुटकी बरणी मात्र परत पाठव, मी तिच्यात पोरीचे खडू ठेवणार आहे, येता जाता नजरेसमोर हवी.

लोभ असावा. हसणार तर आहेसच, जरा मोठ्याने हस, म्हणजे इकडे ऐकू येईल.
तुझा दादा